रोजची गाडी ट्रॅकवर न्यायची? आधी ब्रेक बघा

बेळगाव, निपाणी, खानापूरकडची गाडी ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी) न्यायची तर ती बहुधा चालवतच न्यावी लागते. मद्रास इंटरनॅशनल सर्किट चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला, आपल्याच एनएच ४८ वर आहे. पण अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच गाडीने परत यायचंय. पंधरा दिवस आधी कामाला लागा आणि पहिला पैसा ब्रेकवर घाला. एग्झॉस्ट, मोठे अलॉय नंतर.

चोर्ला घाट नेहमी उतरणाऱ्याचेही ब्रेक ट्रॅकवर दमतात. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि इथे दर फेरीला १४० वरून ७० वर यावं लागतं. ती उष्णता डिस्क, पॅड, कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) अशी ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ऑइल हवेतली ओल शोषतं. आपल्याकडचे दोन-तीन पावसाळे काढलेल्या ऑइलवर ट्रॅकला जाऊच नका. डॉट ४ दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओल धरल्यावरची प्रमाणित मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जातं.

१. सीलबंद डॉट ४ एक लिटर आणा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते चालत नाही. मॅन्युअलमधल्या क्रमाने एकेका चाकाचं ब्लीडिंग करा, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा काढून टाका. नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत थांबू नका. बॉनेटखालचा ब्रेक ऑइलचा डबा मध्येच रिकामा झाला तर हवा शिरते. एबीएसच्या गाडीत ती काढताना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागू शकतो.

२. पॅड अर्ध्याहून कमी उरले असतील तर बदला. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावा: ६० वरून १५ पर्यंत दहा वेळा, पूर्ण न थांबता; मग पाच किलोमीटर ब्रेक न लावता गार करा.

३. चाक उचलून हलवा. खडखड आली तर बॉल जॉइंट, बेअरिंग बघा. बेळगावच्या उद्यमबागेत चांगले मेकॅनिक आहेत, तिथे दाखवा.

४. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. पाच वर्षांवरचे, भेगा पडलेले टायर नकोत.

५. इंजिन ऑइल, फिल्टर नवे. ऑइल वरच्या खुणेपर्यंत, त्यापुढे नाही. लांब वळणात पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो.

साध्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, ते कलम वाचून घ्या.

ट्रॅकवर पोचल्यावर स्टेपनी, जॅक, मॅट, बाटल्या सगळं बाहेर. चाकाचे नट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. थंड टायरमध्ये दाराच्या स्टिकरपेक्षा २-३ पीएसआय कमी हवा ठेवा. ती तापल्यावर ६-८ ने वाढते. बाहेर आल्याआल्या मोजून जास्तीची काढा. पहिल्या खेपेला चार-पाच फेऱ्याच, शेवटची ब्रेक न वापरता हळू. नंतर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा.

परतीच्या आधी हवा स्टिकरप्रमाणे भरा, गार झालेले नट पुन्हा तपासा, पेडल दाबून बघा. मऊ लागलं तर तिथेच ब्लीडिंग करा. त्यासाठी उरलेलं ऑइल सोबत ठेवा, पण झाकण घट्ट लावून.