स्लायडिंग दार जड झालंय? तेलाची बाटली ठेवा बाजूला, आधी वजन कशावर आहे ते बघा

वॉर्डरोबचं स्लायडिंग शटर म्हणा किंवा किचन आणि हॉलच्या मधलं सरकतं दार म्हणा, एका हाताने सरकेनासं झालं की आपल्याकडे पहिला इलाज ठरलेला, खोबरेल तेल. दोन थेंब सोडले की चार दिवस दार मस्त चालतं आणि मग त्याच तेलावर धूळ, केस, ब्लँकेटची लव सगळं बसून असा काळा चिकटा तयार होतो की दार पहिल्यापेक्षा जड. शिलाई मशीनचं तेल, ग्रीस, सगळ्याची हीच गत. डब्ल्यूडी-४० या स्प्रेने चिकटलेली घाण सुटते हे खरं, पण ते मारून नंतर पुसून काढायचं, तसंच सोडून द्यायचं नाही.

तर सुरुवात कुठून करायची? दाराचं वजन वर टांगलंय की खाली टेकलंय ते बघा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. मोबाइलचा टॉर्च मारून खाली बघा. तळाशी चाकं असतील आणि ती ट्रॅकवर टेकलेली असतील तर वजन खाली, वरची पट्टी फक्त दार पडू नये म्हणून. आणि खाली नुसती खाच किंवा जमिनीवर एक छोटा प्लॅस्टिकचा गाइड असेल आणि दाराच्या खाली फट दिसत असेल तर दार वरून लटकतंय. लटकत्या दाराचा खालचा गाइड घासून पुसून चकाचक केला तरी दार हलकं होत नाही, कारण त्रास वरच्या ट्रॅकमध्ये आहे आणि तिथे स्टूल घेऊन चढायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.

साफसफाईचं फार काही सांगण्यासारखं नाही. कोरडी धूळ आधी व्हॅक्यूमने नाहीतर रंगाच्या जुन्या ब्रशने काढा, मग जुना टूथब्रश, मग घट्ट पिळलेलं फडकं. ट्रॅकमध्ये पाणी ओतू नका, एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं शटर असेल तर खालची कड पाणी पिऊन फुगते आणि फुगलेली कड परत बसत नाही. फरशी पुसताना मॉपचं पाणी खालच्या ट्रॅकमध्ये जातं तिकडेही लक्ष ठेवा. चाकाच्या दांड्याला केस गुंडाळलेले असतील तर ब्लेडने कापून चिमट्याने ओढा, बरीच दारं एवढ्यावरच सुतासारखी सरळ होतात. ट्रॅकचे स्क्रूही बघून घ्या, एखादा सैल होऊन डोकं वर आलं असेल तर प्रत्येक वेळी चाक त्याच्यावरून उडी मारतं. हे सगळं झाल्यावर वाटलंच तर सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर मारून ट्रॅकला पुसायचा, फरशीवर उडाला तर कोणीतरी घसरून पडेल.

आता मुख्य काम, अ‍ॅडजस्टमेंट. दार चौकटीकडे सरकवत न्या आणि बोटभर फट राहील असं थांबवा. वरपासून खालपर्यंत फट सारखी असेल तर दार ओळंब्यात आहे, स्क्रूला हात लावायची गरजच नाही. फट वर जास्त आणि खाली कमी असेल तर चौकटीपासून लांबचा कोपरा उचलायचा. उलट असेल, म्हणजे खाली जास्त आणि वर कमी, तर चौकटीजवळचा कोपरा उचलायचा. दार वर लटकणारं असो की खाली टेकणारं, हिशोब तोच.

खाली चाकं असलेल्या दारात अ‍ॅडजस्टमेंटचा स्क्रू बहुतेक वेळा दाराच्या कडेला अगदी खाली असतो, कधी त्याच्यावर प्लॅस्टिकचं झाकण असतं, वॉर्डरोबमध्ये कधी तो शटरच्या आतल्या बाजूला सापडतो. लटकत्या दाराला वर हँगरचा बोल्ट आणि नट असतो, तिथे बारीक पाना लागतो, आणि काम झाल्यावर लॉक नट परत आवळायला विसरायचं नाही, नाहीतर दार हळूहळू परत खाली उतरतं. स्क्रू फिरवायच्या आधी दाराखाली लाकडाची पाचर सरकवून वजन थोडं उचलून घ्या, नाहीतर तीस किलोचं दार त्या एवढ्याशा स्क्रूवर बसलेलं असताना जोर लावला की स्क्रूची खाच गुळगुळीत होते आणि मग ना पुढे ना मागे. एका वेळी अर्धा फेराच द्या, दार सरकवून बघा, मग पुढचा अर्धा. कुठल्या दिशेला फिरवल्यावर कोपरा उचलतो ते कंपनीप्रमाणे बदलतं, अर्ध्या फेऱ्यात कळतंच. आणि दोन्ही कोपरे उत्साहाने खूप वर घेऊ नका, वर दार घासायला लागेल.

तीस किलो उगाच नाही म्हटलं. सात फूट बाय साडेतीन फुटाचं १८ मिमी एमडीएफचं शटर साधारण तेवढंच भरतं. आता हौसेने त्याच्यावर नंतर फुल साइज आरसा चिकटवला, ५ मिमीचा, तर काच चौरस मीटरला साडेबारा किलो, म्हणजे आणखी २८ किलो. वजन जवळजवळ डबल, चाकं मात्र तीच! मग नायलॉनची चाकं एका बाजूने चपटी होतात आणि दार सरकवताना ठरावीक अंतराने टक, टक, टक असा आवाज येतो. हा आवाज आला की साफसफाई आणि स्क्रू दोन्ही विसरा, चाकंच बदला, आणि सगळी एकदम बदला. चाकांच्या सेटवर ते किती किलोच्या दारासाठी आहेत हे दिलेलं असतं, आरशाचं वजन धरून घ्या. जुनं चाक खिशात घालूनच दुकानात जा, फोटोवरून साइज कळत नाही. पुण्यात टिंबर मार्केट, मुंबईत नागदेवी, बाकी ठिकाणी फर्निचरचं हार्डवेअर ठेवणारं कुठलंही बरं दुकान चालेल.

चाकं बदलायची तर दार काढावं लागतं आणि हे एकट्याचं काम नाही. आधी बाहेरच्या ट्रॅकवरचं शटर. उडी-रोधक क्लिप (दार ट्रॅकवरून उडू नये म्हणून लावलेली) असेल तर ती सोडवा, मग दार दोघांनी धरून सरळ वर उचला, खालची बाजू आपल्याकडे घ्या, सावकाश खाली उतरवा. आरसा असेल तर आडवं ठेवू नका, भिंतीला उभं टेकवा आणि खाली जाड सतरंजी घाला.

दार जुलैमध्येच घासतंय आणि उन्हाळ्यात ठीक होतं, असं असेल तर सुताराला रंधा मारू देऊ नका. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगतं, दिवाळीपर्यंत परत बसतं, आणि मारलेला रंधा परत भरता येत नाही. तोवर स्क्रूने थोडं खाली-वर करून निभवा. कोकणात किंवा समुद्राजवळ घर असेल तर चाकांच्या बेअरिंगला गंज येतो, तिथे स्टेनलेस बेअरिंगवाली चाकं घेतलेली परवडतात.

सॉफ्ट क्लोजवाल्या, म्हणजे शेवटी आपोआप हळू बंद होणाऱ्या दाराची वेगळीच तऱ्हा. दार शेवटच्या चार बोटांवर अडतं किंवा धाडकन आपटतं, आणि लोक समजतात डॅम्पर, म्हणजे दाराचा वेग कमी करणारा भाग, गेला. बऱ्याचदा फक्त आतला प्लॅस्टिकचा हूक जागेवरून सुटलेला असतो, स्क्रूड्रायव्हरने तो मागे ओढून कट आवाज येईपर्यंत बसवला की झालं. काहींमध्ये दार एकदा पूर्ण बंद केलं की हूक आपोआप पिन पकडतो. डॅम्परमधून तेल गळत असेल तर मात्र तो रिपेअर करण्याच्या भानगडीत पडू नका, नवीनच टाका.

मिस्त्रीला कधी बोलवायचं? वरचा ट्रॅकच मधे झुकला असेल तेव्हा. असा ट्रॅक कधी कधी नुसत्या पीओपीच्या फॉल्स सीलिंगला ठोकलेला निघतो, त्याला मागे लाकडाचा किंवा लोखंडाचा आधार हवा, नाहीतर लिंटेलला, म्हणजे दारावरच्या काँक्रीटच्या तुळईला, फिशर (स्क्रू पकडणारा प्लग) घालून पकडायला हवा. तो येईपर्यंत दार एका बाजूला सरकवून ठेवा, खाली पाचर मारा आणि पोरांना त्याच्याशी खेळू देऊ नका.