शेजारी छळतोय? प्रार्थना कशी करायची आणि सोबत काय काय करायचं

मुंबईत शेजाऱ्याचा त्रास काय असतो ते ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. भिंत एक, गॅलरी एक, जिना एक, सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तरी तोच चेहरा समोर. ऑफिसातला त्रास निदान घरी आलं की सुटतो, हा तर रात्री उशाशी असतो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला मंडळाच्या प्रार्थनेत विनंत्या विचारल्या की आजारपण आणि नोकरी झाली की हीच विनंती येते, शेजारीण फार छळते हो, प्रार्थना करा. मग दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो विश्वासी आहेस ना, मग सहन कर, दुसरा गाल पुढे कर. दुसरा म्हणतो प्रार्थनेने काय होणार, सरळ पोलिसात जा. मला हे दोन्ही अर्धवट वाटतात.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा ४ था अध्याय काढा. यरुशलेमचा कोट बांधायचं काम चालू होतं आणि सनबल्लट, तोबीया वगैरे आजूबाजूची माणसं आधी टिंगल करत होती, मग हल्ला करायचा कट केला. तेव्हा नहेम्याने काय केलं ते ९ व्या ओवीत आहे, देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. दोन्ही एकाच ओवीत. प्रार्थना केली म्हणून पहारा सोडला नाही आणि पहारा आहे म्हणून प्रार्थना थांबवली नाही. शेजाऱ्याच्या बाबतीत पण हेच करायचं.

आधी प्रार्थना. पहिल्या दिवशी शेजाऱ्यासाठी गोड शब्द तोंडातून निघणार नाहीत, ओढूनताणून काढू पण नका. हिज्कीया राजाला अश्शूरहून धमकीचं पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवलं (२ राजे १९). तसंच करा, खरंच करा. दार लावा, सोसायटीची नोटीस असेल, त्याने पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज असतील, ते समोर ठेवा आणि देवाला जे झालं ते झालं तसं सांगा, रडू आलं तर रडा. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ५५ मोठ्याने वाचा. त्यात दावीद म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण हा माझ्या बरोबरीचा, माझा सोबती. जिच्याकडे वाटीभर साखर मागायला जात होतो तीच आता दारासमोर पाणी ओतते, हे दुःख त्या स्तोत्रात आहे. झोप लागत नसेल तर स्तोत्र ४, अगदी लहान आहे, शेवटची ओवी पाठ करून ठेवा.

मग काही दिवसांनी त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना. मत्तय ५:४४ मध्ये प्रभूने छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, त्यांच्याविरुद्ध नाही. आणि "प्रभू त्याला अक्कल दे" ही काय प्रार्थना नव्हे, तो टोमणाच झाला. त्याच्या घरात काय चाललंय ते आठवा, आई अंथरुणाला खिळलीय का, नोकरी गेलीय का, पोरगं ऐकत नाही का, आणि त्यासाठी मागा. अशी काहीतरी:

"देवबापा, तुला सगळं दिसतं, भिंतीच्या अलीकडचं आणि पलीकडचं पण. आज जे झालं त्याने माझं मन फार दुखावलंय, राग आहे, तो मी तुझ्यापासून लपवत नाही. माझ्या घराभोवती तुझं संरक्षण असू दे, मुलांच्या मनात भीती बसू देऊ नको. त्या घरात जे दुःख आहे त्याला तू स्पर्श कर, त्याच्या आईला बरं कर, त्याला शांत झोप दे. मला खरं बोलायचं धैर्य दे आणि जीभ आवरायची शक्ती दे. कुठे गप्प बसायचं आणि कुठे तक्रार करायची ते मला दाखव. प्रभू येशूच्या नावाने मागते, आमेन."

जिन्यात समोरासमोर आलात तर एवढा वेळ नसतो. तेव्हा मनात फक्त "प्रभू, माझ्या तोंडावर पहारा ठेव", हे स्तोत्र १४१ मधलंच आहे. आणि एक वाक्य आधीच तयार ठेवा, उदा. "दादा, आत्ता नको, उद्या सेक्रेटरींसमोर बसून बोलू." एवढं बोलून पुढे चालायचं. नीतिसूत्रे १५:१ सांगतं मृदू उत्तराने राग शांत होतो, पण मृदू उत्तर ऐन भांडणात सुचत नाही, म्हणून घरी बोलून बघायचं, दोन तीनदा.

आता काय करू नये ते पण लिहिते कारण हे आपल्याच लोकांत चालतं. भिंतीकडे तोंड करून स्तोत्र १०९, म्हणजे शत्रूला शाप देणारं स्तोत्र, मोठमोठ्याने वाचू नका. त्याच्या दाराला गुपचूप प्रार्थनेचं तेल लावू नका. "माझा देव तुला बघून घेईल" असं गॅलरीत ओरडू नका, ती देवाचं नाव वापरून दिलेली धमकी आहे. इफिस ६:१२ म्हणतं आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, म्हणजे शेजारी हा सैतान नव्हे, तो माणूस आहे आणि प्रभू त्याच्यासाठीही मेला. दारात लिंबू-मिरची किंवा उतारा दिसला तर घाबरून घरभर रडारड नको. बऱ्याचदा ते कोणाच्यातरी दारावरचं शनिवारी बदललेलं लिंबू असतं, घरंगळत आलेलं. फोटो काढा, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, स्तोत्र १२१ वाचा आणि चहा ठेवा. मुद्दाम सारखं सारखं होतंय असं दिसलं तर डायरीत लिहा, डायरीचं पुढे सांगते.

रोम १२:१८ मध्ये प्रेषित पौलाने शांतीने राहायला सांगताना दोन अटी घातल्यात, शक्य असेल तर आणि तुमच्याकडून होईल तितकं. म्हणजे सगळं आपल्या हातात नाही हे त्याला माहीत होतं, पण आपल्याकडचं आधी तपासायचं. कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेला, ढोलकी आणि माईक किती वाजेपर्यंत चालतो? ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आपल्यालाही लागू आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. मीटिंगला आलेल्यांच्या चपला त्याच्या दारापर्यंत पसरतात का, कुंडीचं पाणी खालच्याच्या कपड्यांवर पडतं का. असेल तर सरळ जाऊन सॉरी म्हणा आणि बदला. त्यानंतरही त्रास चालूच राहिला तर तुमचं मन तरी मोकळं राहतं.

मत्तय १८ मध्ये आधी एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकलं तर एक दोघांना घेऊन जा असं आहे. ते मंडळीतल्या भावाबद्दल आहे पण पद्धत शेजाऱ्यालाही चालते. फक्त समोरचा पिणारा असेल, हात उचलणारा असेल, किंवा तुम्ही घरात एकट्या बाई असाल तर एकट्याने जायचं नाही, मजल्यावरचे एखादे वयस्कर काका बरोबर घ्या ज्यांचं दोन्ही घरं ऐकतात.

आता पहारा. एक साधी वही करा. "वाईट वागला" असं लिहून उपयोग नाही, असं लिहा: तारीख, रात्री ११.२०, भिंतीवर लाटण्यासारखं काहीतरी पाच सहा वेळा आपटलं, धाकटी उठून रडायला लागली, समोरच्या काकूंनी दार उघडून बघितलं. वेळ, काय झालं, कोणी पाहिलं. शिवी दिली तर जशीच्या तशी लिहा, लाजू नका. फोनमधला मूळ व्हिडिओ डिलीट करू नका, फॉरवर्ड केलेली कॉपी वेगळी आणि मूळ वेगळं. आणि हे ग्रुपवर टाकायचं नाही, मंडळीच्या ग्रुपवर पण नाही, प्रार्थना विनंतीच्या नावाखाली शेजाऱ्याची बदनामी करू नये.

लीकेज, पार्किंग, पॅसेजमधलं सामान असल्या गोष्टी सोसायटीला लेखी द्या, दोन प्रती करा आणि एकीवर सही शिक्का घेऊन पोच स्वतःकडे ठेवा. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावर गेली. कोणती तक्रार कमिटीकडे, कोणती सहकारी संस्थांच्या रजिस्ट्रारकडे, कोणती पोलिसांकडे हे मॉडेल बायलॉजमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, दिलेलं आहे, सेक्रेटरीकडे मागून एकदा वाचाच.

धमकी, मारहाण, घरात घुसणं, बाईकडे बघून घाणेरडं बोलणं, पाठलाग, हे आलं की सोसायटीची वाट बघायची नाही. त्याच क्षणी ११२ वर पोलिसांना फोन. पोलीस स्टेशनला गेलात की बऱ्याचदा आधी एनसी लिहितात, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, तरी एनसी घ्याच आणि नंबर जपून ठेवा कारण पुढच्या वेळी तीच नोंद कामाला येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात धमकीचं कलम ३५१ आणि शांतता भंग व्हावी म्हणून मुद्दाम केलेल्या अपमानाचं ३५२, पाठलागाचं ७८. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो आणि त्याची कॉपी फुकट मिळते. परत परत होत असेल तर चॅप्टर केस करा म्हणून अर्ज द्या, त्यात समोरच्याकडून शांतता राखायचं बंधपत्र घेतात. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

लहान मुलाला किंवा मुलीला शेजाऱ्याने वाईट हात लावला तर समेट, पाळकांची मध्यस्थी, "घराची अब्रू" काही नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा थेट पोलीस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा यासाठीच आहे. त्यावेळची प्रार्थना पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून करायची.

खूप जण इथे अडतात, पोलिसात गेले तर मी क्षमा केली नाही असं होईल का. नाही होत. रोमच्या १२ व्या अध्यायाच्या शेवटी पौल म्हणतो सूड तुम्ही घेऊ नका, आणि लगेच १३ व्या अध्यायात म्हणतो अधिकारी हा देवाचा सेवक आहे. एकाच श्वासात लिहिलेलं आपण अध्याय बदलला म्हणून तोडतो. हाच पौल फटके मारायला बांधलं तेव्हा रोमी नागरिक असल्याचं बोलला आणि नंतर कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली (प्रेषित २२ आणि २५). क्षमा माझ्या आणि देवामधली, तक्रार बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या सुरक्षिततेची.

ख्रिस्ती आहात म्हणून त्रास देत असतील, क्रॉसवरून, प्रार्थनेवरून बोलत असतील, तर नेमके शब्द वहीत लिहा, पाळकांना किंवा फादरांना लवकर सांगा, पण दोन समाजांचं भांडण होऊ देऊ नका. त्याच मजल्यावरची दुसरी माणसं, हिंदू असोत मुसलमान असोत, बहुतेक वेळा तुमच्या बाजूने साक्ष देतात, त्यांना विचारायला कचरू नका. आणि एकट्याने हे ओझं वाहू नका, मंडळीतल्या दोन बहिणींना ठराविक वेळ ठरवून सोबत प्रार्थना करायला सांगा. कॅथलिक असाल तर बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेला तुमची विनंती ठेवा.

घर बदलावं का? इसहाकाच्या माणसांनी विहीर खणली, गरारच्या गुराख्यांनी भांडण काढलं, दुसरी खणली तिथेही तेच, मग तो पुढे सरकला आणि तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडलं नाही (उत्पत्ती २६). तो हरला म्हणून गेला नाही, आणि पुढे अबीमलेख स्वतः त्याच्याकडे करार करायला आला. भाड्याने असाल आणि मुलांच्या तब्येतीवर परिणाम होत असेल तर निघणं हा पण देवाने दिलेला मार्ग असू शकतो. स्वतःचं घर असेल तर घाई नको, निदान एक वर्ष वही आणि प्रार्थना दोन्ही चालू ठेवून बघा, पण जिवाला धोका असेल तर तेवढं थांबायचं नाही, आधी माहेरी किंवा नातेवाईकांकडे जा.

आणि समेट झालाच, तो एक दिवस स्वतःहून बोलायला आला, तर चहा पाजा, मागचं उकरू नका, पण काय ठरलं ते सेक्रेटरींसमोर दोन ओळीत लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि वही फाडू नका.