संचातले पोस्टर करताना कागदाची दिशा आधी पाहा

चारपाच जण मिळून शोभेच्या पोस्टरांचा संच करायला बसतात तेव्हा पहिली बैठक बहुधा विषय आणि रंग यांतच संपते. वडोदऱ्यात आमची बैठकही तशीच संपली होती. विषय ठरायला वेळ लागला नाही : जुन्या शहराचे चार दरवाजे, म्हणजे पूर्वेचे पाणीगेट, पश्चिमेचा लहेरीपुरा, उत्तरेचा चांपानेर दरवाजा, दक्षिणेचे गेंडीगेट, आणि या चौघांच्या मधोमध मांडवी ही जुनी वास्तू. प्रत्येकाने ए-टू आकाराचे, म्हणजे ४२० × ५९४ मिलिमीटरचे, एक उभे पोस्टर करायचे, भिंतीवर ती अधिकचिन्हासारखी लावायची, आणि चारही दरवाजांकडून येणारे रस्ते मांडवीच्या चार कडांना नेमके भिडवायचे. रस्त्यांची टोके आम्ही पेन्सिलीने मोजून जुळवली होती. कागदाची दिशा मात्र कोणीच पाहिली नव्हती.

मिश्रमाध्यमाच्या पोस्टरात कागद, कापड, जरतार आणि रंग यांचे थर एकावर एक चढतात आणि त्यांतील बहुतेक थर फेव्हिकॉल किंवा मैद्याची खळ अशा ओल्या चिकटद्रव्याने बसवले जातात. यंत्रावर तयार झालेल्या कागदातील बहुसंख्य तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. छपाईवाले आणि पुस्तके बांधणारे बाइंडर त्या दिशेला ग्रेन म्हणतात. तंतू भिजला की लांबीला फारसा वाढत नाही, तो जाडीला फुगतो. त्यामुळे ओला कागद ग्रेनच्या दिशेने जवळजवळ तेवढाच राहतो आणि ग्रेनला काटकोनात पसरतो. असा पसरलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवला की वाळताना तो आखडू पाहतो, आखडायला वाव मिळत नाही, आणि मग तो पुठ्ठ्यालाच आपल्याकडे ओढतो. पोस्टर दर्शनी बाजूने खोलगट होते आणि उन्हातल्या पापडासारखे कडा उचलते.

एकटेदुकटे पोस्टर चौकटीत दाबून वेळ मारून नेता येते. संचात ती सोय नाही. आम्ही कागद एकाच दुकानातून, एकाच जाडीचा आणला होता आणि म्हणून निर्धास्त होतो. पण मोठ्या तावातून बचतीने तुकडे काढले की एकाच्या वाट्याला उभा ग्रेन येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला आडवा. चिकटवल्यावर एकाचा कागद उंचीला वाढला, शेजाऱ्याचा रुंदीला. लहेरीपुऱ्याचा रस्ता मांडवीच्या कडेशी येताना खाली घसरला, गेंडीगेटची वरची कड भिंतीपासून सुटली, आणि मोजलेल्या सगळ्या रेषा कागदावरच राहिल्या.

म्हणून कात्री उचलण्याआधी तावाच्या कोपऱ्याचा तळहाताएवढा तुकडा घ्यावा, ताव ज्या दिशेने धरला होता तिची त्यावर खूण करावी आणि एकच बाजू पाण्याने पुसावी. तुकडा लगेच नळीसारखा वळू लागतो. ती नळी ज्या दिशेला लांब पडते तोच ग्रेन. संचातील सर्वांनी आपापल्या तुकड्याच्या मागे बाणाने ती दिशा लिहावी आणि सगळे बाण एकाच दिशेचे असल्याशिवाय पुढे जाऊ नये. हातकागदाला ठळक ग्रेन नसतो, पण तो पसरतो, त्यामुळे हातकागद वापरायचा असेल तर सर्वांनीच वापरावा. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला त्याच जाडीचा, त्याच ग्रेनचा कागद, त्याच चिकटद्रव्याने, त्याच बैठकीत लावावा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सपाट राहतो. नंतर कोऱ्या कागदांच्या मधोमध ठेवून प्लायवूडच्या फळ्यांखाली वजन द्यावे, कागद ओलसर झाले की बदलावेत आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. पावसाळ्यात हे थांबणे लांबते, हे धरूनच तारखा ठरवाव्यात. हेअर ड्रायरने घाई करणाऱ्यांविषयी मला अजिबात आदर नाही, कारण वरचा थर आधी आखडतो आणि जे टाळायचे तेच घडते.

पोस्टर आधीच वाकले असेल तरी फेकून देऊ नये. मागची बाजू हलकी ओली करून तिथे कागद चिकटवला आणि ते वजनाखाली ठेवले, तर ते बहुधा पुरेसे सरळ होते. आमचे गेंडीगेट असेच वाचले, आणि त्याची युक्ती एका जुन्या बाइंडरने सांगितली. बांधणीविषयी सल्ला हवा असेल तर मी आजही चित्रकाराआधी बाइंडरकडे जाईन. खळीला कीड लागू नये म्हणून बाइंडर तीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विष आहे, घरात लहान मुले असतील तर फेव्हिकॉलच बरा. चित्रकलेचा मार्गदर्शक निवडताना मात्र एवढेच पाहावे की तो स्वतः ब्रश हातात घेत नाही ना. घेतला, तर पाच पोस्टरे एकाच हाताची दिसू लागतात आणि मग संच करण्याला अर्थ उरत नाही.

छापील चित्रे चिकटवणे हलके काम आहे असे कोणी म्हटले तर चित्रकार भूपेन खख्खर यांनी १९६० च्या दशकात याच शहरात बाजारातली देवादिकांची चित्रे घेऊन केलेली कोलाज आठवावीत. फक्त इंकजेट प्रिंट बहुधा ओल्या गोंदाने फुटते, तेव्हा लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्यावी. बांधणीचे, म्हणजे गाठी बांधून रंगवलेले, कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावे. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड वापरू नये. तैलखडूवर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, आधी अ‍ॅक्रिलिक आणि वर खडू असाच क्रम ठेवावा. रस्त्याचा रंग एकाच बरणीत कालवून पाच जणांत वाटून घ्यावा, कारण नाव तेच असले तरी दोन कंपन्यांच्या ट्यूबा सारख्या निघत नाहीत.

एवढे करूनही टोके जराशी चुकतीलच. त्यासाठी पोस्टरे एकमेकांना चिकटवून लावण्याऐवजी मध्ये दोन बोटांचे अंतर सोडावे. रस्ता त्या फटीतून पुढे गेला आहे असे डोळा आपोआप मानतो आणि दोनतीन मिलिमीटरचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. हा शॉर्टकट मला मान्य आहे. उतरवल्यावर पोस्टरे तोंडाला तोंड लावून ठेवू नयेत, कारण अ‍ॅक्रिलिकचे थर उष्णतेत आणि दाबाखाली एकमेकांना धरतात. प्रत्येक दोहोंमध्ये बटर पेपर घालावा आणि गठ्ठा आडवाच ठेवावा.