इन्फ्रारेड फोटो बिघडतोय? फिल्टर परत करण्याआधी या चुका तपासा

दृश्य प्रकाश अडवून मुख्यतः इन्फ्रारेड आत सोडणारा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर घेतला, भर उन्हात लेन्सवर चढवला, बटण दाबलं आणि स्क्रीनवर नुसता काळोख. नाहीतर सगळा फोटो लालभडक. फिल्टर सदोष आहे असं समजून लोक तो परत करायला निघतात. बहुतेक वेळा फिल्टर ठणठणीत असतो, रोजच्या उजेडात लागलेल्या सवयी आड येतात.

काळोखाचं कारण कॅमेऱ्याच्या आत आहे. सेन्सरच्या सिलिकॉनला साधारण १००० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश कळतो, पण रंग बिघडू नयेत म्हणून कंपन्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच बसवतात. ती किती कडक आहे, त्यावर सगळं ठरतं. निकॉन डी७० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांत ती ढिली होती. नव्यांत सहसा फार कडक असते. टीव्हीचा रिमोट लेन्सकडे रोखून लाइव्ह व्ह्यूमध्ये त्याचा दिवा दिसतो का, ही चाचणी सगळे सांगतात. दिवा ठळक दिसला तर उत्तम. पण नाही दिसला म्हणून निराश होऊ नका. रिमोट सहसा ९४० नॅनोमीटरला चमकतो आणि ती काच तिथला प्रकाश अडवूनही ७२० ते ७५० च्या पट्ट्यातला थोडा आत सोडू शकते. एफ/८, आयएसओ ४०० ठेवून कडक उन्हात ५ सेकंदांपासून ३० सेकंदांपर्यंत चढत जा, मग काय तो निकाल लावा.

एवढं लांब एक्स्पोजर म्हणजे ट्रायपॉड आलाच. डीएसएलआर असेल तर मागच्या व्ह्यूफाइंडरची खिडकी झाका. तिथून शिरलेला उजेड फोटोवर धुरकट पट्टा उमटवतो, आणि दोष पुन्हा फिल्टरलाच मिळतो.

फोकसचं दुखणं यापेक्षा जास्त छळतं. इन्फ्रारेड किरण लेन्समधून जरा पुढे जाऊन एकत्र येतात, म्हणून डोळ्याला धारदार दिसलेलं दृश्य फोटोत मऊ पडतं. जुन्या लेन्सवर अंतराच्या आकड्यांजवळ एक लाल ठिपका किंवा रेघ असते, ती याचसाठी. नव्या लेन्सवर ती सहसा नसते. मग फिल्टर न लावता फ्रेम ठरवा, फोकस घ्या, मॅन्युअलवर टाका आणि रिंग हलू न देता फिल्टर फिरवून बसवा. त्यानंतर फोकस किंचित जवळच्या अंतराकडे सरकवत तीन-चार फोटो घ्या आणि स्क्रीनवर मोठे करून तपासा. सगळं शार्प यावं म्हणून एफ/१६ सारख्या छोट्या छिद्रावर जाऊ नका. तरंगलांबी जास्त असल्याने इथे डिफ्रॅक्शनचा, म्हणजे छोट्या छिद्रातून प्रकाश पसरून फोटो मऊ पडण्याचा, मार लवकर बसतो.

छोटं छिद्र टाळायचं दुसरं कारण म्हणजे हॉटस्पॉट: फोटोच्या मधोमध उमटणारा फिकट गोल डाग. लेन्स पुसून तो जात नाही. लेन्सची कोटिंग दृश्य प्रकाशासाठी बनवलेली असतात. इन्फ्रारेड आतल्या आत परावर्तित होत राहतो आणि सेन्सरच्या मध्यावर जमतो. खात्री करायची असेल तर एकच दृश्य एफ/४, ५.६, ८ आणि ११ वर टिपा. छिद्र लहान होत जाईल तसा डाग लहान आणि ठळक होत गेला, तर दोष लेन्सचा. हूड लावा, अ‍ॅपर्चर उघडं ठेवा, तरीही डाग राहिला तर लेन्स बदला. महागडी लेन्स इथे नापास होते आणि कॅमेऱ्यासोबत आलेली साधी झूम पास होते, असंही घडतं. एडिटिंगमध्ये डाग झाकता येतो, पण प्रत्येक रंगात त्याची तीव्रता वेगळी असल्याने ते काम जिकिरीचं आहे.

आता लाल रंग. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगांची जुळवणी, इथे कामाचा नाही. उन्हातल्या हिरव्या गवताचा फोटो घेऊन त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स बसवा आणि रॉमध्येच, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, टिपा. तीच फाइल अडोबीच्या लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडली की पुन्हा लाल दिसते, आणि नवखे गोंधळतात. तिथला तापमानाचा स्लायडर २००० केल्विनच्या खाली जात नाही, इन्फ्रारेडला त्याहून खाली जावं लागतं. अडोबीच्या मोफत डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये कॅमेऱ्यासाठी वेगळं प्रोफाइल बनवा, किंवा कॅमेरा कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघताना लाल चॅनल वेगळा बघा. एकूण आलेख ठीक दिसत असताना लाल केव्हाच फाटलेला, म्हणजे जास्त उजेडाने तपशील हरवून बसलेला, असतो.

निळं आकाश हवं तर व्हाइट बॅलन्स झाल्यावर चॅनल मिक्सरमध्ये लाल आणि निळ्याची अदलाबदल करा. क्रम उलटा केलात तर रंग चिखल होतात. ८५० नॅनोमीटरच्या फिल्टरवर हा खटाटोप करू नका. त्यात रंग उरतच नाही, थेट कृष्णधवल करा.

वेळेची सवयही मोडावी लागते. सोनेरी उजेडाची वाट बघणाऱ्यांना पटत नाही, पण इथे अकरा ते तीनचं रणरणतं ऊन चांगलं. पानांचा पांढराशुभ्रपणा, म्हणजे १९१० मध्ये इन्फ्रारेड छायाचित्रं प्रसिद्ध करणाऱ्या रॉबर्ट वुड यांच्या नावाने ओळखला जाणारा वुड इफेक्ट, ताज्या हिरवाईतच खुलतो. सह्याद्रीत त्यासाठी पावसाळा सरतानाचे दिवस घ्या: काळा कातळ, गडद आकाश, पांढरी झाडी. मे महिन्यातलं वाळकं गवत साध्या फोटोतही फिकटच असतं, त्यामुळे फरक जाणवत नाही. लांबची धूसरता इन्फ्रारेडमध्ये बरीच निवळते. घाटातलं धुकं मात्र निवळत नाही, त्यातले थेंब फार मोठे असतात.

या फिल्टरमधून सूर्याकडे कधीच बघू नका. काळोखामुळे बाहुली विस्फारते आणि न दिसणारे किरण थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडतात.

३० सेकंदांनीही काही उमटत नसेल, तर आतली काच काढून कॅमेरा कन्व्हर्ट करणं हाच मार्ग. तो घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन करू नका: अंगच्या फ्लॅशचा कॅपॅसिटर बॅटरी काढल्यावरही जबर झटका देऊ शकतो. काम करून घेताना नव्या काचेच्या जाडीनुसार फोकस जुळवून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा.