शाळा विकास आराखडा कसा करावा: जिल्हा परिषदेच्या लहान शाळेच्या समितीसाठी

शाळा व्यवस्थापन समितीत तुमची निवड झाली आणि पुढच्याच एखाद्या सभेत भरून ठेवलेला नमुना पुढे आला, "इथं सही करा" म्हणून, तर सही करू नका. आधी वाचा. तो बहुतेक शाळा विकास आराखडा असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने तो करायचं काम समितीकडे दिलं आहे, आणि कलम २२ सांगतं की शाळेसाठीचं नियोजन आणि अनुदान याच आराखड्याच्या आधारे ठरावं. आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग. "मागच्या वेळचा काढा आणि तारखा बदला" हा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो मानू नका. असा तारखा बदललेला एक आराखडा मी पाहिला आहे. त्यात दोन वर्षांपूर्वी बांधून झालेली संरक्षक भिंत पुन्हा मागितलेली होती.

मी दोन मुदती आमच्या गावच्या समितीत होते, त्यातली एक अध्यक्ष म्हणून. आता दर पावसाळ्यात आजूबाजूच्या गावांतल्या समित्यांबरोबर आराखड्याला बसते. इथलं सगळं चाळीस-पन्नास पटाची, दोन शिक्षकांची शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे.

समिती रीतसर आहे ना, तेवढं बघून घ्या. पाऊण सदस्य पालक, एकूण निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधून, मुख्याध्यापक सचिव. सभा दर महिन्याला आणि इतिवृत्तावर सह्या सभा संपायच्या आत. घरी वही पाठवून घेतलेल्या सह्या पुढे कधीतरी अडचणीत आणतात.

पहिलं काम: मुलं वाचतात का?

आराखड्याची सुरुवात रंगाच्या डब्यांपासून करू नका. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' पाहणीत जी वाचनचाचणी वापरते ती मराठीतही आहे आणि कुणालाही वापरता येते. मुलाला अक्षरं ओळखता येतात का, साधे शब्द वाचता येतात का, सोपा परिच्छेद वाचता येतो का, आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचता येते का, एवढंच त्यात बघायचं असतं. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. दोन दुपारींत सगळ्या शाळेची चाचणी होते.

मुलं एकेकटी घ्या, व्हरांड्याच्या कोपऱ्यात किंवा झाडाखाली. पाठ्यपुस्तक अजिबात वापरू नका. तिसरीतला एक मुलगा माझ्यासमोर ओळीवर बोट फिरवत धडा घडाघडा म्हणत होता. मी पान उलटलं, तरी तो आधीच्याच पानावरच्या ओळी म्हणत राहिला. धडा त्याला पाठ होता. मग कोऱ्या कागदावर 'पाऊस' लिहून दिलं. 'प काना पा' म्हणाला आणि 'ऊ'पाशी थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तीन वर्षं तो रोज शाळेत येत होता, त्याची हजेरी चांगली होती, प्रगतिपुस्तकावर शेरेही चांगले होते.

चाचणीच्या वेळी शिक्षक सोबत असू द्या. त्यांना वगळून केलेली चाचणी शाळेत भांडण लावते आणि मुलांचं काही भलं होत नाही. सभेत मुलांची नावं वाचू नका, फक्त आकडा सांगा: तिसरी ते पाचवीची मुलं इतकी, गोष्ट वाचणारी इतकी. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, हे जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं ध्येय आहे. तुमच्या शाळेचा आकडा त्याच्याशेजारी ठेवा आणि आराखड्याच्या पहिल्या ओळीत लिहा. उपायही तिथेच लिहा: रोज एक तास, इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे पातळीप्रमाणे गट, आणि ग्रंथालय अनुदानातून गोष्टींची पातळ पुस्तकं. ती कपाटात कुलूपबंद न ठेवता दोरीवर टांगायची. यात पैसा फारसा लागत नाही, म्हणूनच आराखड्यातून हे गळतं. वर्गात टीव्ही लावल्याने वाचू लागलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. टीव्ही मागायचा तर मागा, पण या ओळीच्या खाली.

यानंतर शाळेभोवती एक फेरी मारून गरजांची यादी करा. मुलींना स्वच्छतागृहाबद्दल एखाद्या आईने वेगळं, बाजूला घेऊन विचारावं.

कोणती मागणी कोणाच्या दारात?

माझं घोडं इथेच अडलं होतं, आणि अजूनही बहुतेक समित्या इथेच थांबतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी आम्ही सतरा मागण्या एकाच कागदावर लिहिल्या आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागात देऊन आलो. वर्ष गेलं, एकही काम झालं नाही. मी विचारायला गेले तेव्हा कळलं की त्यातल्या दहा-बारा कामांचा पैसा त्या कार्यालयाकडे येतच नाही. "मोठं मागा, म्हणजे थोडं तरी मिळेल" असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. मोठं मागितलं, पण चुकीच्या दारात. तेव्हापासून यादी हातात घेतली की प्रत्येक ओळीपुढे आधी पैशाचं दार लिहायचं, मगच पुढे जायचं, हे मी कधी सोडलेलं नाही.

सगळ्यात जवळचं दार शाळेच्या स्वतःच्या खात्याचं. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेच्या निकषांत संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. खडू, वीजबिल, नळाची तोटी, फुटलेलं कौल एवढीच याची ताकद. हे पैसे वर्षाच्या शेवटाकडे येतात आणि ३१ मार्चच्या आत खर्ची पडावे लागतात, हा आमचा दरवर्षीचा अनुभव. त्या घाईत नको त्या वस्तू घेतल्या जातात. म्हणून कशानंतर काय घ्यायचं याचा ठराव सप्टेंबरमध्येच करा आणि दरपत्रकं आणून फाइलला लावून ठेवा.

दुसरं दार ग्रामपंचायतीचं, आणि शाळा ते सर्वात कमी ठोठावतात. वित्त आयोगाच्या निधीचा एक भाग बंधित असतो, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. मुलींचं स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा, पाण्याची टाकी ही कामं त्यात बसतात. बाकीचा अबंधित. पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात हवं. तो ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढला की सरपंचांची कितीही इच्छा असली तरी त्यात नसलेल्या कामावर खर्च करता येत नाही. या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. शाळेचा आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या आत द्यायला नियमाची हरकत नाही, आणि तसाच तो दिला जातो, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर गावचा आराखडा होऊन गेलेला असतो. म्हणून माझं ठाम सांगणं: शाळेचा आराखडा सप्टेंबरअखेर तयार पाहिजे. कुणी "अजून वेळ आहे" म्हटलं तर त्यांना ही तारीख दाखवा.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे विषय मांडा. बायका तिथे बोलतात. ग्रामसभेत "शाळा दुरुस्ती करणे" असा ठराव घेऊ नका, तो कशातच बसत नाही. "मुलींच्या स्वच्छतागृहास नळजोडणी करणे व दोन दरवाजे बसवणे" असं लिहा. सूचक, अनुमोदक, आणि नंतर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) ठरावाची नक्कल. नक्कल हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका.

वर्गखोल्यांचं दार जिल्हा परिषदेचं. नवी खोली किंवा मोठी दुरुस्ती म्हटली की बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांची पाहणी आणि अंदाजपत्रक आलं. पैसा पुढे जिल्हा नियोजन समितीकडून किंवा समग्र शिक्षातून येतो. खोली धोकादायक असेल तर आधी तिचं निर्लेखन, म्हणजे ती वापरातून बाद झाल्याची नोंद, करून घ्यावं लागतं. जुनी खोली कागदावर उभी असेपर्यंत नवी मंजूर होणं कठीण. याला वर्षं लागतात, म्हणून हा प्रस्ताव पहिल्याच महिन्यात सोडा आणि मुलांना त्या खोलीतून त्याच दिवशी हलवा. वर्गखोलीसाठी लोकवर्गणी काढायच्या मी विरोधात आहे. वर्गणी गोष्टींच्या पुस्तकांना, सहलीला, झाडांच्या कुंपणाला काढा. मुलांच्या डोक्यावरचं छप्पर सरकारने द्यायचं आहे आणि ते मागताना संकोच करू नका. शिक्षकांच्या खिशालाही हात लावू नका.

शिक्षकाची मागणी पैशाची नाहीच, ती पटाची आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्याच्या अनुसूचीत आहे, पण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं हे ठरवणारी मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि आधार जुळलेलीच मुलं त्यात धरली जातात. एका गावात दाखल्यावर 'पूजा' आणि आधारवर 'पुजा' एवढ्यावर मुलगी गणतीतून बाहेर राहिली होती. जुलैमध्येच यादी घेऊन घरोघर जा.

आता ज्यात माझं एक अख्खं वर्ष वाया गेलं ते सांगते. स्वच्छतागृहाची मागणी आम्ही योग्य दारात, योग्य शब्दांत नेली, तरी परत आली. शेरा होता की शाळेत मुलींची दोन चालू स्वच्छतागृहं आहेत. प्रत्यक्षात एकाला दार नव्हतं आणि दुसऱ्यात पाणी नव्हतं. तो शेरा यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतल्या माहितीवरून आला होता. शाळेची खोल्या, पाणी, वीज, शौचालय अशी सगळी माहिती तिथे दरवर्षी भरतात आणि वरची कार्यालयं तीच बघतात. आमच्या शाळेची नोंद मागच्या वर्षीवरून जशीच्या तशी पुढे गेली होती. कुणाचा वाईट हेतू नव्हता, दोन शिक्षकांवर चार वर्ग आणि सगळे कागद होते. पण मुली वर्षभर दुपारच्या सुट्टीत घरी पळत होत्या, आणि मोठ्या मुली दुपारनंतर परत येत नव्हत्या.

म्हणून मागणी लिहिण्याआधी मुख्याध्यापकांकडून यू-डायसची छापील प्रत मागा. ती हातात घेऊन शाळेत फिरा आणि प्रत्येक नोंदीसमोर उभं राहून बघा. 'चालू' लिहिलेल्या नळाला पाणी येतं का, 'सुस्थितीत' लिहिलेल्या खोलीचा पत्रा गळतो का. जिथे फरक असेल तिथे समितीचा ठराव करून नोंद दुरुस्त करायला द्या आणि दुरुस्त झालेली प्रत पुन्हा बघा. "शाळा कागदावर चांगली दिसू दे, नाव होतं" असं सांगणारे भेटतील. तसं दिसणाऱ्या शाळेला दुरुस्तीचा पैसा मिळत नाही.

आराखडा लिहिताना प्रत्येक मागणीपुढे चार रकाने करा: काय, कोणाकडे, कधीपर्यंत, आणि समितीतलं कोण पाठपुरावा करणार. शेवटच्या रकान्यात 'समिती' लिहू नका, माणसाचं नाव लिहा.

अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या, दोन प्रती, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का.

पुढच्या प्रत्येक मासिक सभेत चौथा रकाना वाचायचा आणि खात्याचा उतारा समोर ठेवायचा. जानेवारीत तीच वाचनचाचणी, तीच मुलं, त्याच कोपऱ्यात पुन्हा घ्या. तेव्हा घेतली तर हाताशी अजून तीन महिने असतात. गोष्ट वाचणाऱ्या मुलांचा आकडा हलला नसेल तर फेब्रुवारीच्या सभेत विषय क्रमांक एक तोच ठेवा, अनुदानाच्या खर्चाला मंजुरी त्यानंतर.