मुलांची कार सीट सीट बेल्टने घट्ट कशी बसवावी?

कार सीट बसवून झाली की बहुतेक जण तिचा वरचा काठ धरून हलवून बघतात. सीट डुलते. मग बेल्ट आणखी ओढायचा, पुन्हा हलवायचं, पुन्हा डुलते, आणि शेवटी 'एवढं चालतं' म्हणून दार लावून टाकायचं. पण सीट घट्ट बसली की नाही हे वरच्या काठावर कळतच नाही. ते कळतं बेल्ट सीटमधून जिथून जातो तिथे.

माझ्या मुलीची पहिली सीट मी अशीच बसवली होती. बकलचा खटका वाजला, बेल्ट ताणलेला दिसला, मी निर्धास्त झाले. आठवडाभराने खाली पडलेली बाटली काढताना सीटवर हात टेकवला, तर ती वीतभर सरकली. बेल्ट लावलेला होता, पण लॉक झालेला नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

आधी जागा आणि दिशा

सीट मागच्या बाकावरच बसवा. मूल मागे तोंड करून बसणार असेल, तर समोर एअरबॅग चालू असलेल्या जागी ती सीट कधीही ठेवू नका. एअरबॅग उघडते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. मागच्या बाकावर मधली जागा बाजूच्या धडकेपासून सर्वांत लांब असते हे खरं, पण तिथे सीट नीट घट्ट बसत नसेल तर कडेची जागा घ्या. मधे सैल असण्यापेक्षा कडेला घट्ट असलेली बरी.

लहान बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान नाजूक. समोरून धडक झाली की मागे तोंड केलेल्या बाळाचं डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीवर टेकतात, त्यामुळे एकट्या मानेवर ओढ येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर १२९ या नियमानुसार १५ महिने पूर्ण होईपर्यंत मागे तोंड असणं बंधनकारक आहे. ही किमान मर्यादा झाली. सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीत मूल बसतंय तोवर ते तसंच राहू द्या. पाय दुमडलेले दिसतात म्हणून घाईने सीट फिरवू नका.

बेल्ट ओवणं आणि लॉक करणं

गाडी सपाट जागी उभी करा. सीटचं आणि गाडीचं, दोन्ही मॅन्युअल जवळ ठेवा. दोन्हींत काही गोष्टी वेगळ्या असतात आणि दोन्ही पाळाव्या लागतात. सीट बाकाच्या पाठीला भिडवून ठेवा. गाडीचा हेडरेस्ट आड येत असेल तर तो काढायचा की वर करायचा, तेही मॅन्युअलमध्येच मिळेल.

आता बेल्टचा मार्ग शोधा. दोन्ही दिशांनी वापरता येणाऱ्या सीटला दोन मार्ग असतात. बऱ्याच सीटवर मागे तोंड असताना वापरायचा मार्ग निळ्या खुणांनी आणि पुढे तोंड असतानाचा लाल खुणांनी दाखवलेला असतो. चुकीच्या मार्गातून गेलेला बेल्टही घट्ट वाटू शकतो, म्हणून रंग बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेल्ट ओवताना त्याला पीळ पडू देऊ नका, आणि बकल खटका वाजेपर्यंत लावा.

नंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. गाडीचा बेल्ट हळू ओढला की सैल होत जातो आणि झटका बसला तरच अडकतो. मोठ्या माणसाला ते ठीक आहे, पण कार सीटला बेल्ट सतत ताठ लागतो. तुमच्या गाडीत तो लॉक कसा होतो हे असं बघा: बेल्ट हळूहळू अगदी शेवटापर्यंत बाहेर ओढा, मग थोडा आत जाऊ द्या. आत जाताना टिक-टिक आवाज आला आणि परत ओढल्यावर बाहेर आला नाही, तर तो लॉक झाला. तसं होत नसेल तर सीटवरच बेल्ट दाबून धरणारा चिमटा आहे का बघा. काही गाड्यांत बकलमध्ये जाणारी पट्टीच बेल्ट अडवते. यांपैकी काहीच नसेल, तर त्या जागेवर ती सीट बसवू नका.

घट्ट करताना एका हाताचा कोपरापुढचा भाग बेल्टच्या मार्गाजवळ टेकवून सीट खाली आणि मागे दाबा. दुसऱ्या हाताने आधी कमरेच्या भागातला सैलपणा ओढून घ्या, मग तो खांद्याच्या पट्ट्यातून बाहेर काढा, आणि दाब न सोडता लॉक करा. नुसत्या हाताच्या जोराने बेल्ट ओढत बसण्यापेक्षा अंगाचा भार टाकला की काम चटकन होतं.

तपासणी

नेहमी वापरत नाही तो हात बेल्टच्या मार्गाशी ठेवा आणि हस्तांदोलनाच्या जोराने सीट डावी-उजवीकडे, मग पुढे-मागे हलवा. कुठल्याच दिशेला २.५ सेंटीमीटरपेक्षा जास्त हलायला नको. मागे तोंड असलेल्या सीटचा वरचा काठ थोडा डुलणारच, त्याने घाबरू नका.

बकल सीटच्या चौकटीच्या कडेवर वाकलेलं तर नाही ना, तेही बघा. धडकेत ते तिथेच तुटू किंवा उघडू शकतं. तसं असेल तर जागा बदला.

पुढे तोंड असलेल्या बऱ्याच सीटना वरून एक पट्टा असतो, तो गाडीतल्या ठरलेल्या हुकात अडकवून ताणा. धडकेत डोकं किती पुढे फेकलं जातं, यावर त्याचा मोठा परिणाम होतो, तरी तो अनेकदा लोंबकळत राहिलेला दिसतो. मागे तोंड असलेल्या सीटचा कल तिच्या कडेच्या खुणेप्रमाणे ठेवा. फार उभी झाली तर झोपलेल्या बाळाची मान पुढे पडते आणि श्वास अडू शकतो.

इतका खटाटोप कशासाठी, तर ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर १० किलोच्या मुलावर साधारण २०० किलो वजनाइतका जोर येतो. ते बळ कुणाच्या हातात नसतं, मांडीवर कितीही घट्ट धरलं तरी.

मूल बसवताना

आतले खांद्याचे पट्टे मागे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून निघायला हवेत. गळपट्टीच्या हाडाजवळ पट्ट्याची चिमूट घेऊन बघा, चिमटीत घडी आली तर अजून सैल आहे. जाड जॅकेट काढून मगच पट्टे बांधा. जॅकेट धडकेत दबतं आणि तेवढा पट्टा सैल होतो. थंडी असेल तर पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरूण घाला.

सगळं मनासारखं बसलं की बेल्टचा मार्ग नीट दिसेल असा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवा. पुढच्या वेळी सीट दुसरं कुणी बसवेल, तेव्हा समोर तो फोटो असू दे.