ताडोब्याजवळच्या शेतघरातला मुक्काम : दोन सफारींमधल्या दिवसाचे नियोजन

ताडोब्याला जाणारे बहुतेक जण आधी राहण्याची जागा पसंत करतात आणि मग सफारीचे आरक्षण पाहतात. हा क्रम उलटा असायला हवा. गाभा क्षेत्रात, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, ठरावीक प्रवेशद्वारांतूनच सोडले जाते आणि आपला परवाना त्यांपैकी एकाच द्वाराचा असतो. मोहर्ली दक्षिणेला, तर कोलारा आणि नवेगाव उत्तरेला आहेत. नकाशावर ही गावे शेजारशेजारची वाटली, तरी बाहेरच्या रस्त्याने एकीकडून दुसरीकडे जायचे तर जंगलाला मोठा वळसा पडतो आणि त्यात दोन तास सहज मोडतात. म्हणून वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी सफारी निश्चित करावी आणि मग त्याच द्वाराजवळच्या गावात घर शोधावे. रेल्वेने चंद्रपूरला उतरणाऱ्यांना सुमारे ३० किलोमीटरवरचे मोहर्ली सोयीचे पडते, तर नागपूरहून मोटारीने येणाऱ्यांना कोलारा.

गावकुसाजवळचे शेतघर किंवा घरगुती निवास मिळाला, तर तो मोठ्या रिसॉर्टपेक्षा मला अधिक आवडतो. तिथे पोहण्याचा तलाव नसतो, पण पातोडीचा रस्सा मिळतो आणि काल रात्री कोणत्या शेतात रानडुकरे शिरली होती तेही कळते. (जेवताना ‘सांबार घालू का?’ असे विचारले गेले, तर दचकू नये. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.) घर ठरवताना मालकाला चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : प्रवेशद्वारापर्यंत किती मिनिटे लागतात, पहाटे चहा आणि सोबत न्यायची न्याहारी मिळेल का, आवाराला कुंपण आणि रात्री दिवा आहे का, आणि संडास घरातच आहे की अंगणात. शेवटचा प्रश्न संकोचाचा वाटला, तरी वाघाच्या मुलखात तो महत्त्वाचा आहे.

कारण या परिसरात जंगल द्वारापाशी सुरू होत नाही. १९५५ साली घोषित झालेले मूळ राष्ट्रीय उद्यान अवघे ११६.५५ चौरस किलोमीटरचे आहे; १९८६ सालचे अंधारी अभयारण्य आणि भोवतालचे बफर क्षेत्र धरले, की व्याघ्र प्रकल्पाचा विस्तार सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर होतो. आपले शेतघर बहुधा या बफरमध्येच किंवा त्याच्या काठावर असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचताना आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडताना या जिल्ह्यातली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावली आहेत. तेव्हा ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून पहाटे किंवा तिन्हीसांजेला नाल्याच्या वाटेने निघू नये. फिरायचेच असेल, तर ऊन वर आल्यावर, घरमालकाला सांगून, शक्य तर त्यालाच सोबत घेऊन गावातल्या रस्त्याने फिरावे.

सकाळच्या सफारीसाठी आरक्षणात नोंदवलेले मूळ ओळखपत्र बरोबर ठेवावे आणि मोबाइल घरीच ठेवावा, कारण गाभा क्षेत्रात तो चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीतला वारा हाडांत शिरतो. घरातली एक जाड चादर मागून घ्यावी. आत गेल्यावर ‘वाघ कुठे आहे?’ असे मार्गदर्शकाला सारखे विचारण्यापेक्षा त्याला गाडी बंद करून थांबू द्यावे. वाघाची चाहूल लागली की प्राणी इशाऱ्याचे आवाज (कॉल) काढतात. वानराचे खकरणे, चितळाची तीक्ष्ण शीळ आणि सांबराचा घोगरा ‘ढांक’ यांत फरक असतो. चितळ उगाचही घाबरते, सांबर सहसा घाबरत नाही, त्यामुळे त्याचा कॉल आला की मार्गदर्शक सावरून बसतो. वाघ न दिसल्यास फेरी वाया गेली असे मानणाऱ्यांनी ताडोबा तलावाच्या काठी तरी नीट पाहावे. तिथे मगरी ऊन खात पडलेल्या असतात, आणि काठावर ज्या तारू किंवा ताडोबा देवावरून या जंगलाला नाव पडले, त्याचे स्थान आहे. तारू हा वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख होता, अशी आदिवासींची कथा आहे.

दुपार मात्र घराचीच. एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या वेळी ओसरीवर पडून राहणे हाच शहाणपणा. पानगळ झालेली असते, प्राणी पाणवठ्यांवर येतात, म्हणून वाघ पाहण्यासाठी हे दिवस उत्तम. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील, तर मी ते टाळेन. ऑक्टोबरमध्ये गवत उंच असते, वाघ कमी दिसतो, पण जंगल हिरवेगार असते. हिवाळ्यात मोहर्लीच्या बाजूला राहिल्यास दुपार इरई धरणाच्या फुगवट्याकाठी पाणपक्षी पाहण्यात छान जाते. दुर्बीण जरूर न्यावी.

संध्याकाळची दुसरी फेरी गाभ्याऐवजी आगरझरी किंवा जुनोना यांसारख्या बफर द्वारांतून घ्यावी. ती तुलनेने स्वस्त पडते, आणि वाघाला माणसाने आखलेला गाभा कुठे संपतो हे माहीत नसल्याने तो तिथेही दिसतो.

मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते आणि पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, तिथले पर्यटन थांबते. मुक्कामात मंगळवार आलाच, तर तो चंद्रपूरला द्यावा. गोंड राजांनी बांधलेला शहराचा परकोट, जटपुरा दरवाजा आणि महाकालीचे मंदिर सकाळच्या थंड वेळेत पाहून दुपारच्या जेवणाला शेतघरी परतता येते. परत येताना उद्याच्या फेरीचा परवाना छापून आणावा, गावात छपाईची सोय असेलच असे नाही.